ओपन डेल्टा, बक-बूस्ट, तीन वाइंडिंग: आर्क फ्लॅश स्टडीत वेगळे ट्रान्सफॉर्मर कसे बसवायचे

आर्क फ्लॅश स्टडी, म्हणजे पॅनलमध्ये विजेचा आर्क भडकला तर समोरच्या माणसाला किती उष्णता (एनर्जी) लागेल याचा हिशेब, नवीन शिकणाऱ्याला पहिली अडचण कुठे येते तर सॉफ्टवेअरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या ड्रॉपडाऊनमध्ये. आपल्याकडच्या डीपीवर, कारखान्याच्या सबस्टेशनला सगळीकडे डीवायएन ११ (वर डेल्टा, खाली स्टार) बघायची सवय असते, ११ केव्ही वर, ४३३ व्होल्ट खाली, संपलं. पण पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या प्लांटचे स्टडी करणारे आता बरेच जण आहेत, आणि तिकडचा एसएलडी (सिंगल लाइन डायग्राम) हातात आला की त्यात ओपन डेल्टा (तीनऐवजी दोनच ट्रान्सफॉर्मरवर चालणारा डेल्टा) असतो, हाय-लेग असतो, बक-बूस्ट असतो, आणि सॉफ्टवेअर मात्र विचारतं डेल्टा का स्टार. मग नवीन मुलगा जवळचं काहीतरी निवडतो, रन मारतो, पॅनलवर लावायचं एनर्जीचं लेबल छापतो. त्या लेबलवर विश्वास ठेवून कोणीतरी पॅनलचं दार उघडणार असतं, म्हणून हे नीट लिहितोय.

मुळात लक्षात घ्या की आयट्रिपलई १५८४ या आर्क फ्लॅशच्या स्टँडर्डची २०१८ ची पद्धत तीन फेजच्या आर्कसाठी आहे, २०८ व्होल्ट ते १५ केव्ही. त्यातली समीकरणं तीन फेजचा एकच बोल्टेड करंट (फेज थेट एकमेकांना जोडल्या तर वाहणारा करंट) मागतात. ओपन डेल्टासारख्या कनेक्शनमध्ये तिन्ही फेजचा करंट सारखा नसतोच, म्हणजे सॉफ्टवेअरला जो एक आकडा हवाय तो अस्तित्वातच नाही. त्यामुळे "या ट्रान्सफॉर्मरला ड्रॉपडाऊनमध्ये काय म्हणतात" हे शोधत बसू नका. या बसवर (पॅनलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) आर्क झाला तर कोणत्या वाइंडिंगमधून किती करंट येईल, जास्तीत जास्त किती, कमीत कमी किती, आणि तो तोडणाऱ्या फ्यूजला किंवा ब्रेकरला त्यातला कोणत्या फेजचा किती दिसेल, एवढं आधी कागदावर काढा. मॉडेल त्यानंतर.

पायरी १: कनेक्शन नक्की काय आहे ते ओळखा

एसएलडीवर विसंबू नका, जुन्या एसएलडीवर ट्रान्सफॉर्मरचं चिन्ह नेहमीचंच काढलेलं असतं. साइटवरून फोटो मागवा. खांबावर दोनच टाक्या (एक टाकी म्हणजे एक सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर) आहेत आणि खाली तीन फेज जातायत, तर ओपन डेल्टा. दोन टाक्या वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर मोठी टाकी बहुतेक लाइटिंगची, तिच्या मधल्या टॅपवर न्यूट्रल घेतलेला, आणि तुमच्यासमोर २४०/१२० व्होल्टचा हाय-लेग आहे. पॅनलमध्ये एक फेज नारिंगी रंगाने दाखवलेली असते, तिकडच्या कोडप्रमाणे हाय-लेगला तो रंग लागतो, आणि ती न्यूट्रलपासून २०८ व्होल्ट असते, बाकीच्या दोन १२०. एखाद्या ठिकाणी दोन फेज जमिनीपासून २४० आणि तिसरी शून्य दिसली तर तो कॉर्नर-ग्राउंडेड डेल्टा, बिघाड नाही.

हे व्होल्टेज मोजायला म्हणून कोणाला चालू पॅनल उघडायला सांगू नका. लेबल अजून लागलेलंच नाही, म्हणजे तिथे किती एनर्जी आहे हे कोणालाच माहीत नाही. वीज कंपनीकडून लेखी माहिती मागवा, शटडाऊनची वाट बघा, नाहीतर जुने कमिशनिंगचे कागद शोधा. डेटा गोळा करताना माणूस भाजला तर त्या स्टडीचा काय उपयोग.

कंपनीकडे काय मागायचं: प्रत्येक टाकीचे केव्हीए आणि परसेंट इंपीडन्स वेगवेगळे, प्रायमरी फ्यूजचा प्रकार आणि साइज, आणि प्रायमरीवरचा फॉल्ट लेव्हल तीन फेजचा आणि सिंगल फेज-टू-ग्राउंडचा दोन्ही. दुसरा बरेच जण मागतच नाहीत. पण प्रायमरी ओपन वाय (टाक्या फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलेल्या) असेल तर करंट फेजमधून येऊन न्यूट्रलमधून परत जातो, तिथे फेज-टू-ग्राउंडचा आकडाच लागतो.

पायरी २: ओपन डेल्टाचे करंट हाताने काढा

यावर जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

समजा ५० केव्हीएच्या दोन सिंगल फेज टाक्या आहेत, सेकंडरी २४० व्होल्ट, इंपीडन्स ३ टक्के. एक टाकी ए आणि बी मध्ये, दुसरी बी आणि सी मध्ये. वरचा सोर्स खूप ताकदवान आहे असं सध्या धरा. एका टाकीचा फुल लोड करंट ५०००० भागिले २४० म्हणजे २०८ अँपिअर, त्याला ०.०३ ने भागलं की ६९४४ अँपिअर. आता तिन्ही फेज एकत्र शॉर्ट झाल्या तर ए मधून पहिल्या टाकीचा ६९४४, सी मधून दुसऱ्या टाकीचा ६९४४, आणि बी दोघींना कॉमन असल्यामुळे तिथे दोघींचा फरक, १२० अंशांच्या कोनाने, म्हणजे १.७३२ पट, १२०२८ अँपिअर. ए आणि सी मध्येच शॉर्ट झाला तर दोन्ही टाक्या सिरीजमध्ये, करंट निम्मा, ३४७२.

म्हणजे एकाच बसवर ३४७२ ते १२०२८, फॉल्ट कुठल्या फेजमध्ये आहे त्यावर. तीन टाक्यांचा पूर्ण डेल्टा असता तर तिन्ही फेजमध्ये १२०२८ च आला असता. ओपन डेल्टाची क्षमता पूर्ण बँकेच्या ५७.७ टक्के असते हे आपण कॉलेजात पाठ केलेलं असतं, त्यामुळे फॉल्ट करंटही सगळीकडे ५७.७ टक्के होईल असं वाटतं, पण मधल्या फेजमध्ये तो कमी होतच नाही. ब्रेकरची ब्रेकिंग कपॅसिटी तपासताना हे विसरलात तर ब्रेकर कमी क्षमतेचा निघेल.

टाक्या वेगळ्या आकाराच्या असतील तर पण पद्धत तीच. समजा लाइटिंगची ७५ केव्हीए, ३ टक्के, म्हणजे १०४१७ अँपिअर, आणि पॉवरची २५ केव्हीए, २.५ टक्के, म्हणजे ४१६७. कॉमन फेजसाठी दोन्हींचे वर्ग घ्या, त्यात दोघांचा गुणाकार मिळवा, वर्गमूळ काढा, येतो १३०११. दोन टोकांच्या फेजमध्ये शॉर्ट असेल तर गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे २९७६ च्या आसपास. यात दोन्ही टाक्यांचा एक्स बाय आर रेशो (रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स) सारखा धरलाय, फार वेगळा असेल तर कोनासकट करा.

पायरी ३: फ्यूजला काय दिसतं ते वेगळं काढा

सर्व्हिस पॅनलमध्ये, मेन ब्रेकरच्या आधी, सोर्सकडच्या बाजूला आर्क झाला तर तो तोडणारा फक्त खांबावरचा प्रायमरी फ्यूज. तो किती वेळात उडेल त्यावरच एनर्जी ठरते, करंटपेक्षाही वेळ जास्त महत्त्वाचा.

प्रायमरी पण ओपन डेल्टा असेल, समजा ४१६० व्होल्ट, तर वरच्या तीन फ्यूजपैकी ए आणि सी मध्ये ४०१ अँपिअर आणि बी मध्ये ६९४ च्या आसपास. बी चा फ्यूज आधी उडणार. आणि तो उडाला म्हणून आर्क विझला असं समजू नका! बी गेल्यावर दोन्ही टाक्यांच्या प्रायमरी ए-सी मध्ये सिरीजला येतात, खाली शॉर्ट तसाच आहे, करंट चालूच राहतो, फक्त सेकंडरीला ३४७२ एवढा. ए किंवा सी चा फ्यूज उडेपर्यंत तो कमी करंट वाहत राहतो आणि कमी करंटला फ्यूज जास्त वेळ घेतो. सॉफ्टवेअर मात्र हा दुसरा टप्पा दाखवत नाही, पहिल्या फ्यूजच्या वेळेवर थांबतं.

प्रायमरी ओपन वाय असेल, अमेरिकेत १२.४७ केव्हीच्या लाइनवर फेज आणि न्यूट्रलमध्ये ७२०० व्होल्टवर लावलेल्या टाक्या खूप दिसतात, तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक टाकीला तिचा स्वतःचा फ्यूज, आणि त्याला फक्त त्या टाकीचा करंट दिसतो, ६९४४ भागिले ३० म्हणजे २३१ अँपिअर. सेकंडरीच्या मधल्या फेजमधले १२०२८ कुठल्याच फ्यूजला दिसत नाहीत. एक फ्यूज आधी उडाला तर दुसरी टाकी एकटीच आर्कला खाऊ घालत राहते, म्हणून दोन्हींपैकी उशिरा उडणाऱ्या फ्यूजची वेळ धरायची. वेगळ्या आकाराच्या टाक्यांना फ्यूजही वेगळे असतात, ते तपासा.

जाता जाता, आपल्याकडच्या ११ केव्हीच्या फ्यूज असलेल्या लोड ब्रेक स्विचमध्ये एक फ्यूज उडाला की स्ट्रायकर पिन बाहेर येऊन स्विच तिन्ही फेज तोडतो, बरोबर लावलेलं असेल तर. खांबावरच्या साध्या कटआउटला (फ्यूज होल्डरला) असं काही नसतं. त्यामुळे भारतातल्या प्लांटवर शिकलेली सवय तिकडच्या खांबावर चालवू नका.

पायरी ४: आता सॉफ्टवेअरमध्ये दोन मॉडेल करा

ईटॅप असो, एसकेएम असो, ईझीपॉवर असो, नेहमीचा बॅलन्स्ड शॉर्ट सर्किटचा भाग वापरताय तर हा बँक एका ट्रान्सफॉर्मरमध्ये मावत नाही. दोन सिनारिओ करा. पहिला, तीन टाक्या आहेत असं धरून १५० केव्हीए, ३ टक्के, त्यात १२०२८ येतो. दुसरा, ८६.६ केव्हीए, ३ टक्के, त्यात ६९४४ येतो. पहिला ब्रेकरच्या ड्यूटीसाठी आणि वरच्या मर्यादेसाठी, दुसरा खालच्या बाजूसाठी. आणि ३४७२ चा सिंगल फेज हिशेब तिसरा, तो बाहेर स्प्रेडशीटमध्ये केला तरी चालेल.

पण दोन्ही मॉडेलमध्ये प्रायमरी फ्यूजचा करंट कितपत खरा ते तपासा. प्रायमरी ओपन डेल्टा असेल तर ८६.६ चं मॉडेल ए आणि सी चा करंट बरोबर देतं, १५० चं मॉडेल बी चा. प्रायमरी ओपन वाय असेल तर १५० केव्हीएचं मॉडेल फ्यूजला २३१ च दाखवतं, बरोबर, पण ८६.६ चं मॉडेल १३४ दाखवतं, जे खोटं आहे, प्रत्यक्षात फ्यूजला २३१ च जातो. त्या सिनारिओत फ्यूजची वेळ त्याच्या करंट-वेळ कर्व्हवरून हाताने काढून टाका, नाहीतर एनर्जी उगाच फुगून येईल. फुगलेली एनर्जी सुरक्षित बाजूला आहे असं म्हणून सोडणारे असतात, मला ते पटत नाही, कारण जिथे ८ कॅलरीपर्यंतची उष्णता झेलणारा सूट पुरतो तिथे ४० चा जाड सूट घालून माणसाला नीट दिसत नाही, हात चालत नाही, आणि मग चूक होते.

मग तिन्ही हिशेबातली सगळ्यात मोठी एनर्जी लेबलवर घ्यायची. मोठा करंट म्हणजे मोठी एनर्जी असा नियम नाही, उलट लहान करंटचा केस बऱ्याचदा जिंकतो कारण फ्यूज उशिरा उडतो. २४० व्होल्टला आर्किंग करंट बोल्टेडपेक्षा खूपच कमी असतो त्यामुळे कर्व्हवर आपण आणखी डावीकडे सरकतो. १५८४ मध्ये आर्किंग करंट थोडा कमी धरून दुसऱ्यांदा हिशेब करायला सांगितलंय ते प्रत्येक सिनारिओत चालू ठेवा.

सिंगल फेजचं काय? १५८४ चं मॉडेल सिंगल फेजसाठी बनलेलं नाही, पण सिंगल फेजचा बोल्टेड करंट आणि व्होल्टेज त्याच समीकरणात घातलं तर उत्तर सुरक्षित बाजूला येईल असं स्टँडर्डच सांगतं. हाय-लेगच्या १२० व्होल्टच्या अर्ध्या वाइंडिंगचा फॉल्ट मात्र २०८ च्या खाली येतो, त्या रेंजसाठी ही समीकरणं नाहीत, तिथे शॉर्ट सर्किट ड्यूटी तपासा आणि एनर्जी २४० वरून घ्या. मधल्या टॅपपाशी फेज-न्यूट्रल करंट पूर्ण वाइंडिंगच्या सुमारे दीडपट येऊ शकतो, टर्मिनलजवळच्या ब्रेकरला तो लागतो.

अजून एक. २००२ च्या आवृत्तीत २४० व्होल्टच्या खाली, १२५ केव्हीएपेक्षा लहान ट्रान्सफॉर्मर सोडून देण्याची सोय होती आणि अजूनही लोक तीच वापरतात. २०१८ मध्ये ती गेली. आता म्हटलंय की २४० व्होल्ट किंवा कमी आणि २००० अँपिअरपेक्षा कमी फॉल्ट असेल तर आर्क टिकण्याची शक्यता कमी, अशक्य नाही. ५० केव्हीएच्या उदाहरणातला सगळ्यात छोटा ३४७२ सुद्धा त्याच्या वर आहे. म्हणजे ५० केव्हीएच्या दोन टाक्या आहेत म्हणून पॅनल वगळता येणार नाही.

पायरी ५: बाकीचे प्रकार, थोडक्यात

बक-बूस्ट म्हणजे व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायला छोटा ट्रान्सफॉर्मर ऑटो म्हणून (दोन्ही वाइंडिंग एकमेकांना जोडून) लावलेला. २४०/३२ व्होल्टचा घ्या. नेमप्लेटवर ५ टक्के लिहिलंय म्हणून तेच टाकलं तर चूक, कारण ते दोन वाइंडिंग म्हणून वापरलं तरचं आहे. ऑटो म्हणून जोडल्यावर क्षमता साडेआठ पट होते आणि त्या बेसवर इंपीडन्स ३२ भागिले २७२ ने गुणायचा, म्हणजे ०.५९ टक्के. या ट्रान्सफॉर्मरने फॉल्ट करंट फारसा अडत नाही, खालच्या पॅनलला जवळपास वरच्या बसएवढाच ताण. तीन फेजला दोनच बक-बूस्ट लावून ओपन डेल्टा केलेला असतो, तिथे एक फेज तर सरळ वरून खाली गेलेली असते, हे पण बघा.

तीन वाइंडिंगचे, बारा पल्सच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या) ड्राइव्हसाठी, हे आपल्याकडेही स्टील, सिमेंटला भरपूर. एक सेकंडरी डेल्टा, एक स्टार, ३० अंशांचा फरक. हा फरक तीन फेज फॉल्टची किंमत बदलत नाही, त्यावर वेळ घालवू नका. वेळ घाला केव्हीए बेसवर. २००० केव्हीएची प्रायमरी, १००० च्या दोन सेकंडरी, ६९० व्होल्ट, ६ टक्के. हे ६ टक्के १००० च्या बेसवर असतील तर फॉल्ट साधारण १३.९ केए, २००० च्या बेसवर असतील तर २७.९. दुप्पट फरक, आणि नेमप्लेट बरेचदा बेस लिहितच नाही, टेस्ट सर्टिफिकेट मागवा. तिथे तीन इंपीडन्स असतात, प्रायमरी ते पहिली, प्रायमरी ते दुसरी, आणि दोन सेकंडरींमधला. तिन्ही एकाच बेसवर आणून टाका. स्टार इक्विव्हॅलंटमध्ये प्रायमरीची शाखा शून्याजवळ किंवा उणे आली तर घाबरू नका, तो गणितातला भाग आहे, सॉफ्टवेअरने वॉर्निंग दिली म्हणून आकडे बदलू नका.

झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर (न्यूट्रल नसलेल्या सिस्टिमला जमिनीशी जोडायला न्यूट्रल देणारा) तीन फेज फॉल्टमध्ये काही देत नाही. २००२ च्या समीकरणात ग्राउंडिंगसाठी वेगळा गुणांक होता, २०१८ मध्ये तो काढला. तरी मॉडेलमध्ये ठेवा, ग्राउंड फॉल्ट रिले तपासायला लागतो.

स्कॉट कनेक्शन (टी आकारात केलेली वाइंडिंगची जोडणी) तुम्हाला दोन ठिकाणी भेटेल. छोट्या ड्राय टाइपमध्ये आत टी-टी जोडणी करून बाहेर साधे तीन फेज दिलेले असतात, तिथे नेमप्लेटचे आकडे घालून साधा ट्रान्सफॉर्मर करा. आणि दोन फेजच्या जुन्या भट्ट्यांना, तिथे प्रत्येक सेकंडरी सिंगल फेज म्हणून वेगळी धरा. रेल्वेत स्कॉट भेटला तर त्याच्या २५ केव्ही बाजूला १५८४ लावू नका, ती १५ केव्हीला संपते.

पायरी ६: इंपीडन्सची सूट आणि रिपोर्ट

नेमप्लेटवर टेस्ट केलेला इंपीडन्स नसेल, फक्त डिझाइनचा असेल, तर सूट (टॉलरन्स) दोन्ही बाजूंनी लावा. आयईसीप्रमाणे दोन वाइंडिंगच्या, १० टक्क्यांपेक्षा कमी इंपीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरला अधिक-उणे १० टक्के. ब्रेकर ड्यूटीला उणे, आर्क फ्लॅशला दोन्ही चालवून बघा, कारण कमी करंट फ्यूजला कुठे नेईल सांगता येत नाही. दोन सेकंदांची मर्यादा (तेवढ्यात माणूस आर्कपासून दूर होतो असं धरून) लावत असाल तर तिथे माणसाला खरंच मागे सरकायला जागा आहे का ते फोटोत बघा. भिंतीला टेकलेला पॅनल, शिडीवर उभं राहून काम, खड्ड्यातलं काम, अशा ठिकाणी ती मर्यादा लावायची नाही.

रिपोर्टमध्ये मॉडेलचं खोटं नाव सरळ लिहा: "खांबावर ५० केव्हीएच्या दोन टाक्या, ओपन डेल्टा, मॉडेलमध्ये १५० आणि ८६.६ केव्हीए असे दोन सिनारिओ. प्रायमरी फ्यूजची वेळ हाताने काढलेली." हे नसेल तर पुढच्या वेळी फाइल उघडणारा माणूस १५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साइटवर शोधत बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे "दुरुस्त" करून टाकेल. हाताने केलेला हिशेब पण पानांसकट जोडा, नुसता निकाल नको.

आणि वीज कंपनीच्या पत्राची तारीख लेबलच्या यादीत लिहा. ओपन डेल्टा बरेचदा यासाठीच लावतात की लोड वाढला की तिसरी टाकी चढवून डेल्टा पूर्ण करता येतो. तसं झालं की ए आणि सी चा करंट १.७३२ पट होतो, ए-सी मधला फॉल्ट तर तिप्पट, आणि तुमचा ३४७२ चा केसच उरत नाही, फ्यूजही बहुतेक बदललेले असतात. एनएफपीए ७० ई (अमेरिकेतलं विद्युत सुरक्षेचं स्टँडर्ड) पाच वर्षांच्या आत परत तपासायला सांगतं, पण खांबावर तिसरी टाकी दिसली तर पाच वर्षं थांबायचं नाही. मेंटेनन्सच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, कारण खांब रोज बघणारा तोच असतो.